दिशा ओळखणारी तार

ऑगस्ट २००१मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात हार्वर्ड विद्यापीठातल्या चार्ल्स लीबर यांच्या गटाचा एक छोटासा शोधनिबंध आला. त्यातला प्रयोग सांगायला अगदी सोपा आहे. इंडियम फॉस्फाइड या अर्धवाहकाची वीसेक नॅनोमीटर जाडीची एकच तार, म्हणजे नॅनोतार, घ्यायची. तिच्या दोन्ही टोकांना धातूचे जोड द्यायचे, वरून प्रकाश टाकायचा आणि किती वीज वाहते ते मोजायचे. प्रकाशाचा रंग तोच, तीव्रता तीच. बदलायची ती फक्त प्रकाशाच्या कंपनाची दिशा. कंपन तारेच्या लांबीला समांतर असताना वीज भरपूर वाहिली. तीच दिशा काटकोनात वळवली आणि वीज जवळजवळ थांबली. पुन्हा समांतर केली, की पुन्हा सुरू.

इंडियम फॉस्फाइडचा नखाएवढा तुकडा असे काही करत नाही. त्याच्यावर समोरून प्रकाश टाका. कंपन उभे असो की आडवे, त्याला सोयरसुतक नसते. मग तोच पदार्थ तारेच्या रूपात आला की त्याला दिशा कशी कळू लागते? थोडक्यात उत्तर असे, की ही जाण मुख्यतः आकारातून येते. पण प्रकरण तिथे संपत नाही. आतल्या स्फटिकाची रचना, तारेची जाडी आणि तिच्या भोवतीचे माध्यम हे तिघेही आपापला शब्द खर्च करतात, आणि कधीकधी ते एकमेकांच्या विरुद्ध जातात. चांगले उपकरण करायचे, तर या सगळ्यांना एका बाजूला आणावे लागते.

प्रकाशाच्या कंपनाची दिशा

प्रकाश हा विद्युतचुंबकीय तरंग आहे. तो पुढे सरकत असताना त्याच्यातले विद्युत क्षेत्र प्रवासाच्या दिशेला काटकोनात, सेकंदाला शेकडो लाख कोटी वेळा, मागेपुढे होत असते. सूर्याच्या किंवा बल्बच्या प्रकाशात हे कंपन काटकोनातल्या सगळ्या दिशांना सरमिसळ झालेले असते. एकाच दिशेचे कंपन उरले, की तो ध्रुवित प्रकाश. आपल्या डोळ्यांना हा फरक जवळजवळ कळतच नाही. मधमाश्यांना मात्र कळतो. आकाशातून येणाऱ्या प्रकाशाच्या ध्रुवणावरून त्या दिशा ठरवतात, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले.

माणसाला हा गुण सापडला तो १८०८मध्ये, पॅरिसमध्ये. एत्येन लुई माल्यूस हा फ्रेंच अभियंता कॅल्साइटच्या स्फटिकातून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांकडे पाहत होता. खिडक्यांच्या काचांवरून मावळतीचे ऊन परावर्तित होत होते. कॅल्साइटमधून प्रत्येक वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. पण स्फटिक हळूहळू फिरवला तसे त्या दोन प्रतिमांचे तेज पाळीपाळीने कमीजास्त होत गेले. काचेवरून परावर्तित झालेल्या उजेडाला दिशा आलेली होती. माल्यूसने पुढे दिलेला नियम आजही रोज वापरला जातो. ध्रुवकाची, म्हणजे एकाच दिशेचे कंपन जाऊ देणाऱ्या गाळणीची, दिशा आणि प्रकाशाच्या कंपनाची दिशा यांत जो कोन असेल, त्याच्या कोसाइनच्या वर्गाइतका प्रकाश पार होतो. कोन ३० अंश असेल तर ७५ टक्के, ६० अंश असेल तर २५ टक्के आणि काटकोनात शून्य.

घरच्या घरी पडताळा घ्यायचा असेल, तर ध्रुवित काचांचा गॉगल लॅपटॉपच्या पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवा. एका स्थितीत पडदा नेहमीसारखा दिसेल, दुसऱ्या स्थितीत काळा पडेल. एलसीडी पडद्याच्या पुढे आणि मागे ध्रुवकाचा एकेक पातळ थर असतो. हा थर म्हणजे आयोडीन मुरवून एका दिशेने ताणलेले पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे प्लास्टिक. त्याचे मूळ अमेरिकन संशोधक एडविन लँड यांनी १९३०च्या दशकात काढलेल्या पोलरॉइडच्या कागदात आहे. ताणल्यामुळे प्लास्टिकचे लांबलचक रेणू एका ओळीत येतात आणि त्यांच्यावरच्या आयोडीनच्या साखळ्या त्या ओळीला समांतर असलेले कंपन शोषून घेतात. दिशा ओळखायची तर लांबट आणि एका ओळीत मांडलेले काहीतरी लागते, हे सूत्र इथे पहिल्यांदा दिसते.

हर्ट्झची चौकट, बोस यांचे वेळापत्रक

खरे तर हे सूत्र त्याआधीच रेडिओतरंगांवर सिद्ध झाले होते. १८८८मध्ये जर्मनीतल्या कार्लस्रूहे इथे हाइनरिख हर्ट्झ यांनी दोन मीटर उंचीची अष्टकोनी लाकडी चौकट केली आणि तिच्यावर एक मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारा तीन-तीन सेंटिमीटर अंतरावर समांतर ताणल्या. तारा कंपनाच्या दिशेला समांतर ठेवल्या की तरंग अडत. काटकोनात ठेवल्या की बिनबोभाट पार होत. समांतर क्षेत्र तारेतले इलेक्ट्रॉन लांबीच्या दिशेने वाहवते, त्या प्रवाहातून उलटा तरंग निघतो आणि मूळचा तरंग परतवला जातो. काटकोनात इलेक्ट्रॉनांना धावायला जागाच नसते.

सात-आठ वर्षांनी कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी काही मिलिमीटर लांबीच्या तरंगांवर हेच काम फार पुढे नेले. त्यांच्या ध्रुवकांपैकी एक म्हणजे ब्रॅडशॉचे रेल्वेचे वेळापत्रक. नुसते पुस्तकही थोडेफार ध्रुवण करते, असे त्यांच्या लक्षात आले. मग पानापानांत कथलाचा वर्ख घालून त्यांनी त्याचा जोरदार ध्रुवक बनवला. जानेवारी १८९७मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी आपल्या उपकरणांवर व्याख्यान दिले. पुढे गॅलेना, म्हणजे लेड सल्फाइडच्या स्फटिकावर टेकवलेल्या टोकाचा शोधक त्यांनी केला. त्याचे अमेरिकन पेटंट १९०४मध्ये मिळाले आणि अर्धवाहकाच्या उपकरणाचे ते पहिले पेटंट मानले जाते. हा शोधक दृश्य प्रकाशालाही दाद देत असे.

म्हणजे दिशा गाळणारा ध्रुवक आणि प्रकाशाची वीज करणारा अर्धवाहक या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हाताखालून गेल्या होत्या. पण त्या दोन वेगळ्या वस्तू होत्या. पुढे शंभर वर्षे त्या वेगळ्याच राहिल्या. कॅमेऱ्यात आधी फिल्टर, मग संवेदक. पडद्यात आधी दिवा, मग ध्रुवक. नॅनोतारेत या दोन्ही भूमिका एकाच वस्तूकडे येतात.

पंचेचाळिसाला एक

अर्धवाहकाच्या नॅनोतारेची गोष्ट हर्ट्झच्या तांब्याच्या तारेसारखी नाही. इथे लांबीभर धावणारे मुक्त इलेक्ट्रॉन मोजकेच असतात. खेळ चालतो तो अणूंना बांधलेल्या प्रभारांचा. विद्युत क्षेत्र आले की हे प्रभार जागच्या जागी किंचित सरकतात. किती सरकतील हे डायइलेक्ट्रिक स्थिरांकावरून कळते. हवेसाठी हा आकडा १ आहे, इंडियम फॉस्फाइडसाठी १२.४.

आता तारेला आडवे, म्हणजे काटकोनात असलेले क्षेत्र घ्या. त्याने सरकवलेले प्रभार तारेच्या दोन बाजूंच्या पृष्ठभागांवर गोळा होतात, एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण. या प्रभारांचे स्वतःचे क्षेत्र बाहेरून आलेल्या क्षेत्राच्या विरुद्ध असते, त्यामुळे तारेच्या आत पोहोचणारे क्षेत्र दुबळे होते. क्षेत्र तारेला समांतर असेल, तर असा साठा व्हायला लांबीभर पृष्ठभागच मिळत नाही. टोके असतात, पण ती फार दूर. म्हणून समांतर क्षेत्र जसेच्या तसे आत शिरते.

लांब वर्तुळाकार तारेसाठी हा हिशेब शाळेच्या गणितात बसतो. हवेतल्या तारेच्या आतले आडवे क्षेत्र बाहेरच्या क्षेत्राच्या २ भागिले (१२.४ + १) पट, म्हणजे सुमारे ०.१५ पट असते. प्रकाश किती शोषला जाईल हे क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असते. ०.१५चा वर्ग साधारण ०.०२२. म्हणजे समांतर कंपनाचा जितका प्रकाश तार शोषते, त्याच्या पंचेचाळिसाव्या हिश्शाइतकाच आडव्या कंपनाचा शोषते.

शास्त्रज्ञ हे प्रमाण वेगळ्या तऱ्हेने लिहितात. समांतर आणि आडव्या मोजमापांतली वजाबाकी भागिले त्यांची बेरीज, हे ध्रुवण गुणोत्तर. दिशेची मुळीच जाण नसेल तर ते ० आणि पूर्ण जाण असेल तर १. आपल्या हिशेबातून ते ०.९६ येते. लीबर यांच्या गटाने तारेतल्या विजेवरून मोजलेले गुणोत्तरही ०.९६च होते. तारेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे, म्हणजे प्रकाशदीप्तीचे, गुणोत्तर ०.९१ निघाले. शोषणाला लागू असलेले कारण उत्सर्जनालाही लागू पडते. आत एखादा प्रभार आडवा थरथरला, तरी त्याचा तरंग बाहेर फारसा येऊ शकत नाही.

या हिशेबातून दोन व्यावहारिक गोष्टी लगेच हाती लागतात. पहिली अशी, की पदार्थ बदलला की आकडा बदलतो. झिंक ऑक्साइडचा स्थिरांक दृश्य प्रकाशासाठी ४च्या आसपास आहे. त्याच्या तारेला हे प्रमाण पंचेचाळिसावरून सहावर येते. दुसरी गोष्ट अशी, की पदार्थाचा एकट्याचा स्थिरांक महत्त्वाचा नाही, भोवतालच्या माध्यमाशी असलेला फरक महत्त्वाचा. इंडियम फॉस्फाइडची तीच तार संरक्षणासाठी पारदर्शक प्लास्टिकमध्ये गाडली, तर अशा प्लास्टिकचा स्थिरांक सव्वादोनच्या आसपास असल्यामुळे पंचेचाळिसाचे साधारण साडेदहा होतात. तारेला हवा लागू नये म्हणून केलेले वेष्टन तिची दिशेची जाण तीन चतुर्थांशांनी कमी करते. अशा वेळी उपकरणाचा आराखडा करणाऱ्याला टिकाऊपणा आणि तीक्ष्णता यांतले एक पारडे खाली करावेच लागते.

तार वाढते कशी

वीस नॅनोमीटर जाडीची तार ओढून काढता येत नाही, ती वाढवावी लागते. त्याची युक्ती १९६४मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या आर. एस. वॅग्नर आणि डब्ल्यू. सी. एलिस यांनी मांडली. सिलिकॉनच्या चकतीवर सोन्याचा बारीकसा कण ठेवायचा आणि चकती तापवायची. सोने एकटे १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, सिलिकॉन १४१४ अंशांना. पण दोघांचे योग्य प्रमाणातले मिश्रण ३६३ अंशांनाच वितळते. म्हणून कणाचा थेंब होतो. आता वरून सिलिकॉनचे संयुग असलेला वायू सोडायचा. थेंब त्यातले सिलिकॉन पोटात घेत राहतो आणि तृप्त झाला की जादा सिलिकॉन तळाशी स्फटिकाच्या रूपात टाकतो. थर साचत जातो, थेंब वर उचलला जातो. पावसाळ्यात छत्री डोक्यावर घेऊन अळंबी वर यावी, तशी ही तार सोन्याचा थेंब डोक्यावर घेऊन उभी राहते. थेंब जेवढा रुंद, तार साधारण तेवढीच जाड. १९९०च्या दशकाच्या अखेरीस लीबर यांच्या गटाने याच मार्गाने नॅनोमीटरच्या मापाच्या तारा काढल्या आणि या विषयाला वेग आला. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही इंडियम आर्सेनाइडच्या नॅनोतारा वाढवून त्यांवर प्रयोग झाले आहेत.

या पद्धतीचा एक परिणाम ध्रुवणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वायूचे प्रमाण, तापमान आणि थेंबाचा आकार यांत थोडा बदल केला, तर त्याच पदार्थाचे अणू वेगळ्या क्रमाने रचले जातात. इथे स्फटिकाचा विषय सुरू होतो.

स्फटिकाचा कौल

इंडियम फॉस्फाइड किंवा गॅलियम आर्सेनाइड यांचा मोठा तुकडा घेतला, तर त्यात अणूंची रचना घनाकृती असते. तिला झिंक ब्लेंड म्हणतात. तिच्यात तिन्ही अक्ष एकाच योग्यतेचे, म्हणून पदार्थाला स्वतःची अशी आवडती दिशा नाही. नॅनोतारेत मात्र पुष्कळदा वुर्ट्झाइट ही षटकोनी रचना येते. तिच्यात एक अक्ष इतरांहून वेगळा असतो आणि बहुतेक वेळा तोच तारेच्या लांबीचा अक्ष असतो.

याने काय बिघडते? अर्धवाहकात प्रकाश निर्माण होतो तो इलेक्ट्रॉन आणि होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, एकत्र आल्यावर. वुर्ट्झाइट रचनेत सर्वांत कमी ऊर्जेच्या होलची ठेवण अशी असते, की निघणाऱ्या प्रकाशाचे कंपन त्या वेगळ्या अक्षाला काटकोनात येते. म्हणजे आकार म्हणतो कंपन तारेला समांतर असू दे, आणि स्फटिक म्हणतो आडवे असू दे.

२००७मध्ये अमेरिकेतले सिनसिनाटी विद्यापीठ आणि कॅनबेऱ्यातली ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी यांच्या संशोधकांनी हा झगडा प्रत्यक्ष दाखवला. कॅनबेऱ्याच्या गटाचे नेतृत्व मूळचे आंध्र प्रदेशातले चेन्नुपती जगदीश करत होते. इंडियम फॉस्फाइडच्या दोन प्रकारच्या तारा घेतल्या. झिंक ब्लेंड तारांमधून निघालेला प्रकाश तारेला समांतर ध्रुवित होता. वुर्ट्झाइट तारांमधून निघालेला आडवा. पदार्थाचे नाव एकच, कौल उलट.

तार फारच बारीक असेल, तर आडव्या क्षेत्राची गळचेपी इतकी मोठी असते की स्फटिकाचे काही चालत नाही. तार जाड होत गेली की स्फटिकाचा आवाज ऐकू येऊ लागतो. त्यामुळे प्रकाशदीप्तीचे ध्रुवण मोजणे हे तारेच्या आतली रचना ओळखायचे साधनही झाले आहे. तार कापायची नाही, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात घालायची नाही. तिच्यातून येणारा प्रकाश ध्रुवकातून पाहायचा.

जाडी वाढल्यावर

पंचेचाळिसाचा हिशेब तार प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ बारीक असेल तोवरच खरा. हिरव्या प्रकाशाची हवेतली तरंगलांबी ५३० नॅनोमीटरच्या आसपास. पण अर्धवाहकाच्या आत ती तिपटीहून अधिक आखडते. म्हणजे तार शंभर-दीडशे नॅनोमीटर जाड झाली की तिच्या आडव्या छेदातच तरंग मावू लागतो. प्रकाश आत अडकतो, घुमतो आणि ठरावीक रंगांना जोरात शोषला जातो. २००९मध्ये स्टॅनफर्डमधल्या मार्क ब्राँगर्समा यांच्या गटाने जर्मेनियमच्या एकेका तारेवर हे दाखवले. समांतर कंपनाचे अनुनाद एका रंगावर येतात आणि आडव्या कंपनाचे दुसऱ्या. त्यामुळे जाड तारेला ‘तुझे ध्रुवण गुणोत्तर किती?’ असे विचारून उपयोग नाही, ‘कोणत्या रंगाला?’ हेही विचारावे लागते. काही रंगांना तर आडवे कंपन समांतरपेक्षा जास्त शोषले जाते.

सौरघटांना हेच वरदान ठरले. तारांचे रान चकतीवर उभे केले आणि ऊन वरून पडले, तर प्रकाश तारेच्या लांबीने खाली येतो. मग त्याचे विद्युत क्षेत्र कायम तारेला आडवेच असते. तारा वीस नॅनोमीटरच्या असत्या, तर त्यांनी बहुतेक ऊन नाकारले असते. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या गटाने २०१३मध्ये म्हणूनच १८० नॅनोमीटर जाडीच्या तारा वापरल्या. या जाडीला तार प्रकाशाला वाट दाखवणाऱ्या नळीसारखे काम करते आणि आजूबाजूचा प्रकाशही आत खेचते. इंडियम फॉस्फाइडच्या त्या तारांनी पृष्ठभागाचा जेमतेम १२ टक्के भाग व्यापला होता, तरी सौरघटाची कार्यक्षमता १३.८ टक्के आली.

लेझरची तऱ्हाही अशीच. २००१मध्ये बर्कलीच्या पेइडाँग यांग यांच्या गटाने झिंक ऑक्साइडच्या नॅनोतारांमधून सामान्य तापमानाला ३८५ नॅनोमीटरचा अतिनील लेझर मिळवला. तारेची दोन सपाट टोके हेच त्याचे आरसे. यात प्रकाश तारेच्या लांबीने मागेपुढे फिरतो, त्यामुळे टोकातून बाहेर येताना त्याचे कंपन तारेला आडवे असते. आडव्यातही नेमकी कोणती दिशा, हे तारेचा छेद किती सममित आहे आणि ती कशावर टेकली आहे यावर ठरते.

उपकरणांमध्ये

मग याचा उपयोग कुठे? सगळ्यात सरळ उत्तर आहे कॅमेरा. काचेवरचा ओरखडा, पारदर्शक प्लास्टिकमधला ताण, ओल्या रस्त्यावरची चकाकी हे सारे नेहमीच्या छायाचित्रात नीट दिसत नाही, ध्रुवणात दिसते. सोनी कंपनीने २०१८मध्ये असा प्रतिमा-संवेदक बाजारात आणायची घोषणा केली. त्यात दर चार पिक्सेलांच्या गटावर चार वेगवेगळ्या दिशांच्या सूक्ष्म जाळ्या बसवलेल्या आहेत: ०, ४५, ९० आणि १३५ अंश. हे हर्ट्झच्याच चौकटीचे लघुरूप. पण फिल्टर म्हटला की साध्या प्रकाशातला निम्मा भाग तिथेच वाया जातो. पिक्सेल स्वतःच दिशा ओळखणारा असेल, तर वर फिल्टर लावायचे कारण उरत नाही. नॅनोतारेचा प्रकाशशोधक हे नेमके करतो.

याचे एक सुंदर उदाहरण दृश्य प्रकाशातले नाही, टेराहर्ट्झ तरंगांचे आहे. २०२०मध्ये ऑक्सफर्डच्या मायकेल जॉन्स्टन यांच्या गटाने कॅनबेऱ्यातल्या सहकाऱ्यांबरोबर इंडियम फॉस्फाइडच्या नॅनोतारा एकमेकींवर फुलीसारख्या रचल्या. त्या दोन दिशांचे विजेचे मार्ग वेगवेगळे ठेवले. एक दिशा उभे कंपन मोजते, दुसरी आडवे. आणि दोन्ही मोजमापे एकाच क्षणी होतात. आधी एक घटक मोजा, शोधक फिरवा, मग दुसरा मोजा, ही कसरत संपली. दोन्ही घटक एकदम हाती आले की तरंगाची ध्रुवणस्थिती पूर्ण कळते.

दुसरा उपयोग पडद्यांचा. एलसीडीमधला मागचा दिवा अध्रुवित प्रकाश देतो आणि पहिला ध्रुवक त्यातला निम्मा गिळतो. मोबाइलची बॅटरी त्याचे पैसे भरते. मुळातच ध्रुवित प्रकाश देणारा थर केला तर? २००१मध्येच बर्कलीच्या पॉल अलिव्हिसाटोस यांच्या गटाने कॅडमियम सेलेनाइडचे नॅनोकण गोलाऐवजी लांबट वाढवले. लांबी जाडीच्या दुपटीच्या आसपास गेली, एवढ्यातच प्रकाश ध्रुवित निघू लागला. म्हणजे त्यासाठी तारही लागत नाही, आखूड दांडीही पुरते. कॅडमियम विषारी असल्याने त्यावर युरोपात निर्बंध आहेत, म्हणून इंडियम फॉस्फाइडसारख्या पर्यायांकडे आता लक्ष आहे.

तिसरी दिशा प्रकाशाने गणन करण्याची. २०२२मध्ये ऑक्सफर्डच्या हरीश भास्करन यांच्या गटाने अशा नॅनोतारा केल्या, की प्रत्येक तार ठरावीक दिशेच्या ध्रुवित प्रकाशालाच प्रतिसाद देते. एकाच जागी, एकाच रंगाच्या प्रकाशात, निरनिराळ्या दिशांवर निरनिराळी माहिती हाताळता येते, हे त्यातले इंगित.

अडतंय कुठे

प्रयोगशाळेतली एक तार आणि दुकानात मिळणारे उपकरण यांच्यामध्ये सगळ्यात मोठा अडसर आहे तो तारा ओळीत लावण्याचा. एका तारेतून मिळणारी वीज अगदी थोडी, म्हणून हजारो तारा शेजारीशेजारी हव्यात. आणि त्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. समजा, त्या सरासरी १० अंशांनी वाकड्यातिकड्या पडल्या. १० अंशांच्या साइनचा वर्ग ०.०३. म्हणजे नको असलेल्या दिशेचा ३ टक्के प्रकाश केवळ या बेशिस्तीमुळे आत शिरतो. तारेची स्वतःची गळती २.२ टक्केच होती. दोन्ही मिळून पंचेचाळिसाचे प्रमाण एकोणिसाच्या आसपास येते. पदार्थविज्ञानाने कमावलेले ओळ लावताना गमावले, असा हा हिशेब. द्रवाच्या प्रवाहात तारा वळवणे, विद्युत क्षेत्राने त्यांना उभे-आडवे करणे, पाण्याच्या पृष्ठभागावर दाबून रांगेत आणणे, एका चकतीवरून दुसरीवर घासून उतरवणे असे पुष्कळ उपाय वापरले जातात. प्रत्येकाने थोडेथोडे साधते.

दुसरा अडसर पृष्ठभागाचा. बारीक तारेत आतल्या अणूंच्या मानाने पृष्ठभागावरचे अणू फार. तिथे अपुऱ्या बंधांमुळे इलेक्ट्रॉन आणि होल अडकून पडतात आणि प्रकाश किंवा वीज न देताच संपतात. गॅलियम आर्सेनाइडला हा दोष इतका जाचतो, की त्याच्या तारेवर ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडचे कवच चढवावे लागते. इंडियम फॉस्फाइडला तो तुलनेने कमी जाचतो. या प्रकरणात त्याचे नाव वारंवार येण्याचे तेही एक कारण. तिसरा अडसर सोन्याचा. सोन्याचे अणू सिलिकॉनमध्ये शिरले की प्रभारांसाठी सापळे तयार होतात, त्यामुळे चिपच्या कारखान्यात सोने आणू देत नाहीत. सोन्याशिवाय तारा वाढवण्याच्या पद्धती आता आहेत, पण आकारावरचा ताबा सोन्याइतका सहज राहत नाही.

शेवटी तराजू धरायचा तर तो असा. बाजारातला साधा ध्रुवक कागद नको असलेली दिशा हजारात एक किंवा त्याहूनही कमी इतकी गाळतो. तारेचे प्रमाण पन्नासाला एकाच्या घरात. म्हणून नॅनोतार ध्रुवकाची जागा घेणार नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. तिचे मोल आहे ते जिथे ध्रुवक बसवायला जागाच नाही, जिथे प्रकाशाचा निम्मा भाग फेकून देणे परवडत नाही आणि जिथे दिशा ओळखणे व वीज करणे ही दोन्ही कामे प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान जागेत एकत्र व्हायला हवीत, तिथे. पुढे कधी एखाद्या नव्या नॅनोतारेचे ध्रुवण गुणोत्तर वाचनात आले, तर तीन प्रश्न जरूर विचारा: हा आकडा एका तारेचा की हजारोंच्या थराचा, कोणत्या रंगाला, आणि तारेभोवती हवा होती की दुसरे काही? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बातमीत नसतील, तर नुसत्या आकड्याला फारसा अर्थ नाही.